पाना घ्या हातात!

आज जरा भांडायचा मूड आहे. घरातल्यांनी आणि नेहमीच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.

भांडण आहे गिटार वाजवणाऱ्यांशी. म्हणजे माझ्याच जातभाईंशी. पाच-पाच, दहा-दहा वर्षं गिटार वाजवणारी माणसं मला भेटतात. सोलो वाजवतात, लग्नात-गॅदरिंगमध्ये टाळ्या घेतात. आणि त्यांना विचारलं की बाबा रे, तुझ्या गिटारची मान सरळ आहे का वाकलीये, तर चेहरा असा होतो की जणू मी त्यांच्या पोटातल्या आतड्यांची लांबी विचारली. "ते आपल्याला नाही कळत. दुकानात देतो." अरे पण का नाही कळत? आणि कळत नाही याची लाज कशी वाटत नाही?

तबलजीकडे बघा. हातोडीशिवाय तबलजी तुम्ही पाहिलाय? मैफल सुरू व्हायच्या आधी तो गठ्ठे ठोकतो, गजऱ्यावर हलके घाव घालतो, मध्येच स्वर उतरला तर गाणं चालू असताना दोन आवर्तनांच्या फटीत दुरुस्त करतो. सतारिया आपले पडदे सरकवतो, ते दोऱ्यानं बांधलेलेच असतात त्यासाठी. तानपुरा घेऊन बसलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा तारेखालचा दोरा मागेपुढे करून जवारी खुलवायला शिकतो. त्याला कुणी सांगत नाही की "हात लावू नकोस, बिघडेल." उलट लावता आली नाही तर गुरुजी रागावतात. वाद्य लावणं हा वाजवण्याचाच भाग आहे, हे आपल्याकडे शतकानुशतकं माहीत आहे. फक्त गिटारच्या बाबतीत आपण एकदम ग्राहक होऊन बसलो. ट्यूनर लावला, हिरवा दिवा लागला, संपलं काम.

काही जण म्हणतील, हे तर हौशी लोकांचे चोचले आहेत. एकदोन मिलिमीटरनं काय होतं? काय होतं ते सांगतो.

माझी भाची तेरा वर्षांची आहे. गिटारच्या क्लासला जायची. सहा महिन्यांनी म्हणाली, सोडते. का? तर एफ कॉर्ड येत नाही. ज्यांनी गिटार शिकायचा प्रयत्न केलाय त्यांना एफ म्हटल्यावर लगेच कळेल. पहिल्या फ्रेटवर आडवं बोट टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या असतात. क्लासच्या सरांनी तिला सांगितलं होतं की तुझ्या बोटांत ताकद नाही, मुलींचं असंच होतं. आणि ते तिनं खरं धरलं होतं. मी तिच्या गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला आणि म्हटलं, आता हाच आकार एक घर पुढे धर. धरला. सहाच्या सहा तारा वाजल्या. बोटं तीच, तेरा वर्षांच्या मुलीचीच. ताकद कुठून आली?

ताकद कुठून आली नव्हती. कॅपो लावल्यामुळे फक्त नट बाजूला झाला होता. नट म्हणजे मानेच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे असलेली ती खाचांची पांढरी पट्टी. तिच्या खाचा उथळ असतील तर तारा पहिल्या फ्रेटपासून नको तितक्या उंच राहतात. तार जिथे अडकवलेली असते त्याच्या अगदी शेजारी ती दाबणं सगळ्यात कठीण. दोरीवर कपडे वाळत घालताना बघा, खिळ्यालगत दोरी खाली ओढून दाखवा. पहिल्या फ्रेटवर नेमकं तेच करावं लागतं. शिवाय उंचावरून दाबलेली तार ताणली जाते आणि स्वर चढतो. म्हणजे ट्यूनरवर गिटार लागलेली दिसते, आणि साधी सी कॉर्ड वाजवली तरी बेसूर. मग सर म्हणतात, "कान तयार नाही." बोटं कमजोर, कान कच्चा. दोष सगळा पोरीचा. वाद्याचा कधीच नाही!

कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त गिटारींचे नट बहुतेक वेळा उंचच असतात, आणि त्यामागे कारण आहे. खाच जास्त खोल गेली तर तार फ्रेटवर घासून झणझणते आणि गिऱ्हाईक गिटार परत आणतं. खाच उथळ राहिली तर फक्त बोटं दुखतात, आणि बोटं दुखणं हा गिऱ्हाइकाचा प्रश्न. प्रत्येक खाच हातानं कानशीनं नीट घासायला माणूस आणि वेळ लागतो. तेव्हा उंच ठेवणं हे त्यांच्या दृष्टीनं सुरक्षित. अपेक्षा अशी की पुढचं काम दुकानात होईल. दुकानदार खोक्यातून काढून तारा पिळतो आणि "ऐसाच आता है" म्हणतो. सर म्हणतात सवय होईल. म्हणजे कारखाना, दुकान आणि क्लास या तिघांनी जे काम टाळलं, ते शेवटी एका शाळकरी मुलीच्या बोटांवर येऊन पडतं. मग गिटार माळ्यावर जाते आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, हल्लीच्या मुलांमध्ये चिकाटीच नाही. या वाक्याचा मला मनापासून संताप येतो.

भाचीच्या गिटारला किती वेळ लागला म्हणता? एक रविवार दुपार. नट प्लास्टिकचा होता, नुसता डिंकाच्या एका थेंबावर बसवलेला. काढला, काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याची खालची बाजू थोडी थोडी घासली, प्रत्येक वेळी परत बसवून बघितलं. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहायचं. जेमतेम कागद जाईल एवढी उरली की थांबायचं. तिनंच घासला, मी फक्त शेजारी बसलो होतो.

आता थोडं तंत्राबद्दल, कारण "आपल्याला नाही कळत" म्हणणाऱ्यांना दाखवायचंय की कळण्यासारखं किती थोडं आहे.

गिटारच्या मानेवर तारांचा ताण असतो. साध्या अकूस्टिक गिटारवर हलक्या स्टीलच्या सहा तारा मिळून साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोंचा. म्हणजे एक भरलेला माणूस त्या मानेला अष्टौप्रहर लोंबकळतोय. ती पुढे वाकणारच. तिला मागून ओढून धरायला मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, तिला म्हणतात ट्रस रॉड. १९२०च्या दशकात गिब्सन कंपनीनं पिळून कमीजास्त करता येणारी अशी सळई आणली. म्हणजे ही काही नवीन भानगड नाही, शंभर वर्षं झाली. ॲलन कीनं ती पिळली की मान मागे येते, सैल केली की तारा तिला पुढे ओढतात. मान अगदी सपाट नको, किंचित पुढे झुकलेली हवी, कारण तार कंप पावताना मध्यभागी जास्त जागा घेते. किती झुकलेली? पहिल्या फ्रेटवर कॅपो, दुसऱ्या हातानं मान जिथे खोक्याला मिळते तिथे तार दाबायची, आणि सातव्या फ्रेटच्या आसपास तारेखाली फिलर गेज सरकवायचा. पाव मिलिमीटरच्या जवळपास फट असली की झालं. फिलर गेज कुठे मिळतो? जिथे तुमच्या मोटरसायकलचे टॅपेट सेट करतात तिथे. तोच तो पात्यांचा जुडगा.

यानंतर येते तारांची उंची, म्हणजे ॲक्शन. बाराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी उभी धरून मोजायची. अकूस्टिकवर जाड तारेला अडीच मिलिमीटरच्या आत, बारीक तारेला पावणेदोनच्या आसपास. जास्त असेल तर ब्रिजवरचं सॅडल काढून खालून घासायचं, वरून नाही. बारावा फ्रेट हा तारेचा बरोबर मध्य, त्यामुळे तिथे अर्धा मिलिमीटर उतरवायचा असेल तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं. शाळेतली समरूप त्रिकोणांची भूमिती, दुसरं काही नाही. इलेक्ट्रिक गिटारवर तर घासायचंही काम नाही, नुसते स्क्रू फिरवायचे.

शेवटी इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून येणारा स्वर, आणि तिथेच दाबून येणारा स्वर, दोन्ही एक हवेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे न्यायचं, उतरा असेल तर पुढे. (आधी तारा नवीन टाका. गंजलेल्या तारांवर हे करणं म्हणजे फुटक्या आरशात भांग पाडणं.)

झालं. मान, नट, उंची, इंटोनेशन. एवढ्यालाच सेटअप म्हणतात. लागणारं सामान म्हणजे ॲलन कीचा संच, स्टीलची पट्टी, फिलर गेज, कॅपो आणि पॉलिश पेपर. हॉटेलातल्या एका बऱ्या जेवणाच्या बिलात बसेल. ट्यूनर तर फोनमध्येच असतो.

आणि हे काम एकदाच करून भागतही नाही, हा माझा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जुलैत मुंबई-कोकणात ती ऐंशी-नव्वदच्या घरात, आणि एप्रिलच्या दुपारी पुण्या-नागपुरात वीसच्या आसपास. पावसाळ्यात सॉलिड लाकडाची गिटार फुगते, पोट वर येतं, तारा उंच होतात. उन्हाळ्यात आक्रसते, पोट बसतं, तारा घासायला लागतात, फ्रेटची टोकं बोटाला टोचतात. रत्नागिरीच्या मामाची गिटार गणपतीत जड लागते आणि मिशिगनच्या दादाची हीटरच्या हवेत तडकायला येते, दोघांचं दुखणं एकच, फक्त उलट बाजूनं. वर्षातून दोनदा हवा पालटते तेव्हा ट्रस रॉडला पाव फेरा द्यावा लागतो किंवा काढावा लागतो. तेवढ्यासाठी दर वेळी गिटार खांद्याला लावून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार आहात? नाही जाणार. मी ओळखतो तुम्हाला. तुम्ही वर्षभर "काहीतरी बिनसलंय" म्हणत वाजवणार, आणि मग एक दिवस नवी गिटार घेणार. नवी गिटार तरी दुसरं काय करते? ती दुकानातून ताज्या तारांसह येते, आणि एक पावसाळा गेला की तीही तिथेच.

आता आक्षेप घेऊ, कारण ते येणारच आहेत.

पहिला आक्षेप: हजारो रुपयांची वस्तू आहे, काही वाकडं झालं तर? रास्त भीती आहे. त्यावर माझं उत्तर असं की सेटअपमधली कामं दोन प्रकारची असतात. जी पान्यानं आणि स्क्रू-ड्रायव्हरनं होतात ती सगळी उलटवता येतात. जी घासून होतात ती उलटवता येत नाहीत. म्हणून सुरुवात पहिल्या प्रकारापासून करा. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याच्या वर फिरवू नका, गिटार परत लावा, थोडा वेळ द्या, मग बघा. फिरत नसेल तर जोर लावू नका. सॅडल घासायच्या आधी एक जादा सॅडल आणून ठेवा, ते काही महाग नसतं, आणि जुनं जपून ठेवा. नटची खाच जास्त खोल गेली तर खायचा सोडा आणि फेविक्विकचा थेंब टाकून भरता येते, जगभरातले दुरुस्तीवाले हा उपाय करतात. खरं नुकसान मी पाहिलंय ते न शिकलेल्यांच्या हातून झालेलं. नायलॉनच्या तारांसाठी बनवलेल्या क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा चढवायच्या, दुपटीच्या जवळपास ताण द्यायचा, आणि ब्रिज उखडला की गिटारला नावं ठेवायची. किंवा तारा उंच आहेत म्हणून ट्रस रॉडच पिळत सुटायचं. ट्रस रॉड तारांची उंची कमी करायला नसतो, मानेचा बाक ठरवायला असतो, एवढं एक वाक्य ठाऊक असतं तरी किती माना वाचल्या असत्या!

दुसरा आक्षेप: कारागिराच्या पोटावर पाय येईल. हा आक्षेप घेणारी माणसं सहसा कारागिराशी घासाघीस करण्यात पटाईत असतात, पण ते असो. मिरजेचं उदाहरण घ्या. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतली माणसं एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली आणि मिरजेचे तानपुरे-सतारी देशभर गेल्या. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळालं. गवय्यांना तानपुरा लावता येतो, दोरा सरकवता येतो म्हणून मिरजेतली दुकानं बंद पडली का? उलट, आपल्या तानपुऱ्याची जवारी उतरलीये हे ज्याला ऐकू येतं तोच मिरजेला जातो. ज्याला कळतच नाही तो कुठेही जात नाही. गिटारचंही तसंच. फ्रेट बदलणं, मानेचा जोड उखडून परत बसवणं, आतली फळी सुटलेली चिकटवणं ही मुरलेल्या हाताची कामं आहेत आणि ती त्यांनीच करावीत. पण तिथे जाताना "जरा बरोबर वाजत नाही हो" असं म्हणण्यापेक्षा "सातव्या फ्रेटला जी तार घासते, मान सरळ आहे, बहुतेक आठवा फ्रेट उचललाय" असं म्हणणाऱ्या माणसाशी कारागीर वेगळंच बोलतो. त्यालाही बरं वाटतं की समोरच्याला त्याच्या कामाची किंमत कळते. आणि जो ट्रस रॉडला एक फेरा मारून "पूर्ण सर्व्हिसिंग" म्हणून पैसे लावतो, तो ओळखूही येतो.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण खरा तोच आहे. कलाकारानं कला करावी, हत्यारं धरायची ती दुसऱ्यांनी. हात काळे करणारा वेगळा आणि टाळ्या घेणारा वेगळा. ही वाटणी आपल्या हाडीमाशी किती खोल गेलीय ते मी इथे उगाळत बसत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. खंडेनवमीला गिटारला हळदकुंकू वाहायचं, फूल ठेवायचं, फोटो काढायचा, आणि उरलेले ३६४ दिवस तिच्या एका स्क्रूला हात लावायचा नाही, ही कसली पूजा?

बरं, ज्या लोकांची गाणी तुम्ही डोळे मिटून वाजवता त्यांनी ही वाटणी कधी मानली नाही. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या शेजारी आयुष्यभर जो उभा राहिला तो ब्रायन मे. त्यानं आपली गिटार १९६३ पासून वडिलांबरोबर घरी बनवली, जुन्या शेकोटीच्या लाकडाची मान आणि मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा घालून. तीच गिटार घेऊन तो जगभर फिरला. एडी व्हॅन हेलननं सुटे भाग जुळवून स्वतःची गिटार उभी केली. आणि लिओ फेंडर, ज्याच्या नावाची गिटार घ्यायची स्वप्नं तुम्ही बघता, तो मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती! म्हणूनच १९५०च्या सुमारास त्यानं मान चार स्क्रूंनी जोडलेली गिटार बाजारात आणली, बिघडली तर उघडता यावी म्हणून. उघडण्यासाठीच बनवलेली वस्तू आपण देव्हाऱ्यात ठेवलीय.

आज फोनपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं कंपन्या बंद करून देतात. ते उघडायचा हक्क मिळावा म्हणून जगभर भांडणं चाललीयेत, २०२२ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानंही दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. गिटारला असली काही भानगडच नाही. पासवर्ड नाही, सील नाही. सगळं डोळ्यासमोर आहे, लाकूड, तार, हाड आणि स्क्रू. त्यातही गंमत बघा, मार्टिन कंपनीनं १९६९ पासून ब्राझीलच्या ऐवजी भारतातलं शिसव वापरायला सुरुवात केली. म्हणजे आपल्याकडचं लाकूड सातासमुद्रापार जाऊन गिटार होऊन येतं, आणि परत आल्यावर आपण त्याला परकं समजून लांबून नमस्कार करतो!

क्लास चालवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. पहिल्या महिन्यात "हॅपी बर्थडे" शिकवण्याआधी प्रत्येक मुलाच्या गिटारवर कॅपोची ती चाचणी करा. दोन मिनिटं लागतात. मुलाला "तुला जमत नाही" असं सांगायच्या आधी वाद्य तपासून बघणं ही शिक्षकाची जबाबदारी आहे. तबल्याचा मास्तर न लागलेल्या तबल्यावर कधी शिकवतो का?

आणि ज्यांच्या माळ्यावर एखादी गिटार पडलीय (आमच्या घराण्यातच निदान तीन आहेत, नावं घेत नाही :-) ) त्यांनी या रविवारी ती खाली काढावी. धूळ पुसा, नव्या तारा टाका, खुंट्यांकडून एक डोळा मिटून मानेवरून नजर टाका, आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून एफचा आकार धरून बघा. एकदम सोपा वाटला, तर तुम्ही इतकी वर्षं स्वतःच्या बोटांना ज्या शिव्या दिल्यात त्या मागे घ्या.

पटलं नाही तर भांडायला घरी या. येताना गिटार घेऊन या, ॲलन कीचा संच माझ्याकडे आहे.